माझ्या बाजूचं पायडल

वंटमुरीच्या चढावर पहिल्यांदा कळलं.
सुळग्याच्या मन्नोळकरांची सून शिकत होती,
तिसरा गिअर, स्टिअरिंग असं धरलेलं
की जणू विहिरीचा कठडा.
मी म्हटलं, दे की रेस.
तिनं दिली.
इंजिन किंचाळलं,
आणि गाडी आपली होती त्याच चालीनं.
मागून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आला,
हॉर्न न वाजवता, सावकाश, आम्हाला ओलांडून गेला.

मग वास.
तव्यावर विसरलेली भाकरी म्हणावी तर नाही,
जळके केस म्हणावेत तर तेही नाही.
"माझं चुकलं का ओ मॅडम?"
मी नाही म्हटलं.
मनात हो म्हटलं.

अकरा वर्षं शिकवते मी गाडी.
लोकांचे डावे पाय मला तोंडापेक्षा जास्त पाठ.
कुणाचा क्लचवर झोपायचा
सुट्टीच्या दुपारी ओट्यावर झोपावं तसा,
कुणाला तो सोडताना दर वेळी देव आठवायचे,
सौंदत्तीच्या यल्लम्मापासून सुरुवात करून.
एकानं तर अख्खा लाल दिवा हाफ क्लचवर काढला
आणि वर माझ्याकडे बघून हसला.
तेव्हा दोष कुणाचा,
हे उद्यमबागेत पोचायच्या आधीच
मी मनात लिहून टाकलेलं.

दस्तगीरनं बॉनेट उघडलंच नाही.
हँडब्रेक ओढायला लावला, चौथा गिअर,
थोडी रेस, आणि म्हणाला, "आता पाय काढा."
गाडी झटका खाऊन बंद पडायला हवी होती.
नाही पडली. गुरगुरत राहिली.
"चालू ऱ्हायली म्हणून खुश होऊ नका.
हितं मरायला पाहिजे होतं तिनं."

बसूला कानडीत काहीतरी सांगितलं,
तो पोरगा जॅक घेऊन खाली सरपटला.
केबल दोन आटे सैल करून बघितली. फरक नाही.
सांध्यावर बोट फिरवून वास घेतला.
तेल नाही, सील शाबूत.
"मग उतरवायलाच लागतंय."

दुपारभर मी बाकड्यावर.
समोरच्या फौंड्रीत ओतकाम,
चहाच्या कपात लोखंडाची चव.
चार वाजता प्लेट हातात आली.
अस्तर संपून रिबिटांची डोकी वर,
फ्लायव्हीलवर निळे डाग.
"पोरं शिकतात," मी म्हटलं, "पाय ठेवतात."

तो काही बोलला नाही. वाकला.
ड्रायव्हरकडचं पायडल बघितलं.
रबर झिजलेलं, पण कसंही, चहूकडून,
जितके पाय तितक्या तऱ्हा.
मग पलीकडं आला, माझ्या बाजूला.
तिथल्या रबराला एकच खळगा होता,
माझ्या अंगठ्याएवढा.
"ह्यो पाय रोज एकाचाच हाय."

दाबत नव्हते मी. खरंच नव्हते.
नुसता ठेवायची.
म्हैस आडवी आली तर, शाळा सुटली तर, तर, तर.
पाव इंच असेल.
त्याला मी काळजी म्हणत होते,
आणि बिल पोरांच्या नावावर लावत होते.

फोर्ट रोडवरनं प्लेट आली, प्रेशर प्लेट, बेअरिंग.
फ्लायव्हील शेजारच्या लेथवर एक हात फिरवून आणलं.
बसूनं एका दांड्यानं प्लेट मध्यावर धरली,
एक डोळा मिटून, गोट्या खेळताना मिटतात तसा.
शेवटी दस्तगीर माझ्या पायडलाशी बसला.
बोटानं हलवून दाखवलं,
"हितनं हितपर्यंत
काईच व्हायला नको. एवढं मोकळं सोडा."

साडेसात हजार. पाचशे उधार ठेवले.

दुसऱ्या दिवशी परत वंटमुरी, परत तीच सून.
दे की रेस.
गाडीनं अशी उचल घेतली की तीच दचकली.
मी चप्पल सीटखाली सरकवलेली,
डावा पाय मांडीखाली दुमडून
पंगतीला बसल्यासारखी बसलेले.
वळणावर समोरून लाल बस आली.
पायाला मुंग्या आल्या होत्या.